तारेच्या पोटातील तार

इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकिल्ले, तहनामे आणि स्वाऱ्या उभ्या राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण इतिहास केवळ राजांचा आणि लढायांचाच असतो असे नाही; तो वस्तूंचाही असतो. ज्या वस्तू आपण रोज हाताळतो आणि ज्यांचे नावही आपणांस धड ठाऊक नसते, त्यांच्यामागे कधी कधी दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे वाद, फजिती, कष्ट आणि शहाणपण साठलेले असते. अशाच एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूची कुळकथा सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे दोन ध्वनियंत्रांना जोडणारी हातभर तार.

तबकड्या वाजविणारे यंत्र एकीकडे आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर दुसरीकडे. दोहोंच्या मध्ये ही तार. भजनी मंडळाच्या साहित्यात ती असते, मंगल कार्यालयाच्या कपाटात असते, गाण्याच्या शौकिनाच्या घरी तर असतेच. ती बाजारात तयार मिळते. थोडक्या रुपयांतही मिळते आणि हजारो रुपयांनाही मिळते. महागड्या तारेच्या वेष्टनावर लिहिलेले असते की हिच्यामुळे गायकाचा गळा अधिक गोड लागेल. स्वस्त तार घेणाऱ्याच्या मनात मग उगाच चुटपुट राहते, आणि महाग तार घेणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. तेव्हा प्रश्न असा की, एखाद्या हौशी माणसाने ही तार घरीच तयार करावयाचे ठरविले तर त्याने कोणती तार निवडावी? प्रश्न छोटा आहे, पण त्याचे उत्तर दुकानदाराच्या फळीवर नाही. ते इतिहासात आहे. म्हणून आम्ही आपणांस थोडे मागे नेणार आहोत.

प्रथम ह्या तारेचे अंतरंग पाहू. केळीचा खांब आडवा कापला म्हणजे एकात एक बसलेली सोपटे दिसतात, तशी ही तार कापली असता चार थर दिसतात. अगदी मध्यभागी तांब्याची एक तार; तिच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचे जाड आवरण; त्याच्यावर बारीक तारांची विणलेली जाळी; आणि सर्वांत बाहेर काळी किंवा पांढरी साल. मधली तार आणि भोवतालची जाळी ह्या दोहोंचा अक्ष एकच असतो, म्हणून शास्त्रीय भाषेत तिला समाक्ष तार म्हणावे. इंग्रजी नाव कोअ‍ॅक्सिअल केबल. आपल्या बाजारात तिला ‘केबलची वायर’ किंवा ‘डिशची वायर’ म्हणतात, आणि कॅमेरे बसविणाऱ्यांच्या दुकानातही ती मिळते. मधली तार आवाजाचा विद्युत्-संदेश नेते. जाळी परतीची वाट पुरविते आणि त्याच वेळी पहारेकऱ्याचेही काम करते. हे पहारेकऱ्याचे काम का लागले, हे कळण्यासाठी आपणांस समुद्राच्या तळाशी जावे लागेल.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला तो १८७५ साली. त्या वेळी वक्त्याचा गळा हाच त्याचा ध्वनिक्षेपक होता. टेलिफोनचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस मिळाले ते पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये. परंतु तारेची पहिली मोठी परीक्षा ह्याच्याही आधी होऊन गेली होती. खांबांवरून जाणारी तारायंत्राची उघडी तार भोवतालच्या हवेमुळे आपोआपच सुरक्षित असते. पाण्यात ती उघडी चालत नाही. मलायातील एका झाडाचा चीक, गटापर्चा, १८४० नंतरच्या दशकात युरोपात पोचला आणि त्याचे आवरण तारेवर चढविता येते असे दिसून आले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीत १८५० साली अशी तार टाकली. ती लगेच निकामी झाली. १८५१ साली दुसरी, अधिक मजबूत टाकली आणि ती चालली. तेव्हा महत्त्वाकांक्षा वाढली आणि अटलांटिक महासागर ओलांडण्याचे ठरले.

येथे एक चमत्कारिक अडचण उद्भवली. लांब समुद्री तारेत संदेश जाताना तो पसरू लागला. ह्या टोकास दिलेला ठसठशीत टोला त्या टोकास पोचेपर्यंत मऊ आणि लांबट होई, आणि एक अक्षर दुसऱ्यात मिसळे. कारण आपल्या शेतकरी बांधवांस सहज समजेल असे आहे. विहिरीवरून दूरच्या वाफ्यास पाणी सोडले म्हणजे आधी कोरडा पाटच पाणी पितो. वाफ्यापर्यंत धार पोचण्यास वेळ लागतो. आणि पाणी बंद केले तरी पाटात साचलेले पाणी काही वेळ ओघळतच राहते. तारेचेही असेच आहे. मध्ये तांब्याची तार, बाहेर समुद्राचे पाणी आणि दोहोंच्या दरम्यान गटापर्चा, अशी रचना झाली की ती तार वीज साठविणारी एक लांबच लांब बरणीच बनते. ह्या साठवणीस धारिता म्हणतात. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी १८५४-५५ च्या सुमारास गणिताने दाखविले की तारेची लांबी दुप्पट केली तर विलंब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तेव्हा तांबे जाड हवे, आवरण जाड हवे आणि दूरच्या टोकास अत्यंत नाजूक मोजमापयंत्र हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

परंतु अटलांटिक तारेचा विद्युत्-विभाग ज्यांच्या हाती होता ते वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचे शस्त्रवैद्य. त्यांस प्रयोगाची हौस दांडगी होती, पण थॉमसनांचा नियम त्यांस मान्य नव्हता. त्यांचा भरवसा जोरावर होता: वीज नीट पोचत नसेल तर अधिक दाबाने ढकलावी. १८५८ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस तार पूर्ण झाली. महाराणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचण्यास सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउसांनी मोठमोठी वेटोळी वापरून सुमारे २,००० व्होल्टांचा दाब दिला. तार आधीच काही ठिकाणी सदोष होती. ह्या माऱ्याने तिचा अंत लवकर ओढवला, आणि तीन-चार आठवड्यांत ती मुकी झाली. त्या अल्प आयुष्यात तिने हिंदुस्थानाशी निगडित असे एक काम मात्र केले. १८५७ च्या उठावासाठी कॅनडातून दोन पलटणी निघावयाच्या होत्या. उठाव मोडत आला तेव्हा तो हुकूम ह्या तारेने रद्द केला गेला, आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले. आपल्या देशाच्या पारतंत्र्याचा हिशेब असा एका तारेच्या नफ्यातोट्यात नोंदला गेला आहे.

ह्या अपयशाची सरकारी चौकशी झाली आणि तिचा अहवाल १८६१ साली निघाला. तिचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येईल: तारेचा गुण तिच्या डौलावर किंवा तिच्यावर केलेल्या बळजबरीवर ठरत नाही, तो मोजमापावर ठरतो. त्याच सुमारास विद्युत् मोजण्याची प्रमाणमापे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञांची समिती बसली, आणि आज आपण ज्यास ओम म्हणतो त्या मापाची मांडणी ह्याच खटाटोपातून पुढे आली. १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या प्रचंड जहाजाने नवी तार टाकली. ह्या वेळी थॉमसनांचा सल्ला मानण्यात आला होता. ती चालली, आणि तासाला काही शब्दांऐवजी मिनिटाला काही शब्द जाऊ लागले.

हेच जहाज १८७० साली मुंबईच्या बंदरात आले आणि तेथून एडनकडे तार टाकीत गेले. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्री तारांनी जोडली गेली. ह्याचा परिणाम आपल्या वऱ्हाडावर झाल्यावाचून राहिला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली, आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. रेल्वेने गाठी बाहेर नेल्या. तारेने भाव आत आणला. लिव्हरपूलच्या बाजारात काय चालले आहे हे येथील व्यापाऱ्यास आठवड्यांऐवजी तासांच्या हिशेबाने कळू लागले. पण ज्याच्या हाती तार होती त्यासच ते कळे. १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, त्याआधी दोन वर्षे दारव्ह्यावरून अरुंद मापाची रेल्वे धावू लागली होती. परंतु धावंड्याच्या काठचे आपले दिग्रस त्या रुळांपासून बाजूलाच राहिले. अशा गावच्या कास्तकारास आपल्याच मालाचा भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. ज्ञान असणारा आणि नसणारा यांच्यामध्ये तार अशी उभी राहिली होती, हे ध्यानात ठेवावे. आपल्या छोट्या प्रश्नाच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे.

आता पहारेकऱ्याच्या जाळीकडे वळू. ती ज्यांच्या डोक्यातून निघाली ते ऑलिव्हर हेविसाइड हे लंडनच्या गरीब घरात १८५० साली जन्मले. लहानपणीच्या आजाराने त्यांस कमी ऐकू येई. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तार-कचेरीत काही वर्षे नोकरी केली आणि १८७४ साली तीही सोडून घरी बसून अभ्यास केला. त्या काळी टेलिफोन नुकताच आला होता आणि शेजारशेजारच्या तारांमधील बोलणी एकमेकींत मिसळत असत. १८८० साली हेविसाइडांनी एक पेटंट घेतले: जाणारी तार आणि येणारी तार शेजारी शेजारी ठेवू नका, एक नळीसारखी करा आणि दुसरी तिच्या पोटात, बरोबर मध्यावर ठेवा. असे केले की बाहेरच्या तारांचा आतल्या तारेस उपद्रव होत नाही आणि आतल्या तारेचा बाहेर होत नाही. आज जगातील लक्षावधी घरांत जो आवाज स्वच्छ ऐकू येतो, त्याची तजवीज ज्याने केली त्याचे स्वतःचे कान अधू होते.

ही कल्पना बराच काळ कागदावरच राहिली. १९२९ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल ह्या दोघा अभियंत्यांनी एकाच समाक्ष तारेतून शेकडो संभाषणे नेण्याच्या योजनेचे पेटंट मागितले. १९३६ साली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ह्या शहरांमध्ये तिचा प्रयोग झाला, आणि १९४१ पासून अमेरिकेत ती व्यवहारात आली. दरम्यान १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला. आज ज्याच्या पिशव्यांनी आपले नाले तुंबतात तोच हा पदार्थ. पण विजेच्या आवरणासाठी त्यासारखा गुणी पदार्थ तोवर नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रडारयंत्रांसाठी पॉलिथिनच्या समाक्ष तारा तयार झाल्या, आणि अमेरिकन लष्कराने त्यांस क्रमांक दिले. आर.जी. ५८, आर.जी. ५९, आर.जी. ६ अशी जी नावे दुकानदार आजही सांगतो ती त्या लष्करी यादीची वंशावळ होय. जिच्यावरून आपण अभंग ऐकतो ती तार एके काळी विमाने हुडकण्यासाठी जन्मली होती.

ह्याच सुमारास ध्वनिक्षेत्रातही एक लहानशी सोय झाली. फोनोग्राफची जोड रेडिओस देता यावी म्हणून अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९३० नंतरच्या दशकात एक स्वस्त, साधी पिन काढली. ती आजही अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर लाल-पांढऱ्या जोडीने दिसते. आपल्याकडेही ध्वनिक्षेपणाची परंपरा जुनी आहे. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ ह्या भारतीय संस्थेचे ध्वनिक्षेपक स्वातंत्र्य-चळवळीच्या सभांत उभे असत. गांधीजी आणि नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांतील मायक्रोफोनवर ते नाव वाचावयास मिळते. १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि विदर्भाचा आवाज विदर्भातल्या घराघरांत येऊ लागला.

स्वतंत्र भारताने तार बाहेरून आणण्याऐवजी येथेच करण्याचे ठरविले. पश्चिम बंगालमध्ये रूपनारायणपूर येथे १९५२ साली ‘हिंदुस्थान केबल्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. दिल्ली आणि आग्रा यांच्यामधील समाक्ष तारेचा दूरध्वनीमार्ग १९५९ साली सुरू झाला. आणि महाराष्ट्रात पुण्यास १९५८ साली फिनोलेक्स ह्या नावाने तारांचा उद्योग उभा राहिला. १९७२ च्या गांधीजयंतीस मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले. पुढे १९९१ नंतर केबलवाल्यांचे युग आले आणि गल्लोगल्ली, गच्चीवरून गच्चीवर, ही काळी तार लोंबू लागली. जी वस्तू १९२९ साली अभियंत्यांच्या कागदावर होती ती दोन पिढ्यांत तालुक्याच्या गावी वारानुसार मोजून विकली जाऊ लागली. आता काचेच्या तंतूंनी तिची जागा घेतली आहे. अटलांटिकच्या तळाशी काचतंतू १९८८ साली गेला. आपल्या गावांच्या खांबांवर तो त्यानंतर चढला. हिंदुस्थान केबल्स बंद करण्याचा निर्णयही २०१६ साली झाला. लांबच्या प्रवासातून समाक्ष तार निवृत्त होत आहे, पण दोन यंत्रांमधील हातभर अंतरात तिचे काम अद्याप संपलेले नाही.

इतका इतिहास सांगितला तो ह्यासाठी की आता निवडीचे नियम पाठ करावे लागू नयेत. ते त्यातूनच निघतात. पहिला प्रश्न धारितेचा, म्हणजे पाट किती पाणी पितो हा. धारिता पिकोफॅरड ह्या मापाने मोजतात. आर.जी. ५९ ह्या तारेची धारिता एका मीटरला सुमारे ६७ असते. फेसाळ आवरणाच्या आर.जी. ६ ची सुमारे ५३, आर.जी. ५८ ची सुमारे १००. आणि बाजारातील बारीक शिल्डेड वायरची २०० किंवा त्याहूनही अधिक असू शकते. आता हिशेब पाहा. आपणांस ऐकू येणारा सर्वांत उंच स्वर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांचा. यंत्राचा अंतर्गत अडथळा १,००० ओम असेल आणि एक मीटर आर.जी. ५९ जोडली असेल, तर तार आडवी येऊ लागते ती सेकंदास सुमारे २३ लाख कंपनांच्या पलीकडे. म्हणजे ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या शंभर पटीहून अधिक दूर. पण अंतर्गत अडथळा १०,००० ओम असेल आणि २०० पिकोफॅरडची बारीक वायर दहा मीटर ओढली असेल, तर सेकंदास ८,००० कंपनांपासूनच आवाज गळू लागतो. मग टाळ-झांजांचा झणत्कार बोथट होतो, तंबोऱ्याची जवारी मावळते, आणि लोक गायकास दोष देतात. थॉमसनांनी समुद्रासाठी जे सांगितले तेच दिवाणखान्यासाठी खरे आहे: वाट आखूड ठेवा. एक-दोन मीटरांत कोणतीही बरी समाक्ष तार चालेल. लांब वाटेस कमी धारितेची हवी.

दुसरा प्रश्न जाळीचा. गाण्यामागे जी ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण ऐकू येते ती घरातील विजेच्या ५० फेऱ्यांची आणि तिच्या पटींची. दोन यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असली की जाळीतून थोडा परका प्रवाह वाहतो. तो हजारांश अँपिअर धरा. जाळीचा अडथळा दशांश ओम असेल तर दशांश मिलिव्होल्ट गुणगुण संगीतात मिसळेल. जाळी तांब्याची, दाट विणीची असेल आणि तिचा अडथळा शतांश ओम असेल तर गुणगुणही दहा पटींनी उतरेल. तेव्हा तार घेताना वरची साल थोडी सोलून पाहावी. जाळी तांब्याची आहे काय? आतले पांढरे आवरण झाकले जाईल इतकी ती दाट आहे काय? डिशच्या स्वस्त वायरीत पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्याच चार विरळ तारा असतात. उच्च कंपनांच्या दूरदर्शनसंदेशास तेवढे पुरते. परंतु साध्या डाखाने अ‍ॅल्युमिनियमला डाग बसत नाही, आणि पिनेचा सांधा कच्चा राहतो. घरगुती कारागिराने अशी तार टाळावी. कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या आर.जी. ५९ मध्ये तांब्याच्या दाट जाळीची तार शोधल्यास सापडते, पण तीही सोलून पाहूनच घ्यावी.

तिसरा प्रश्न मधल्या तारेचा. पुष्कळ तारांत ती पोलादाची असून वर तांब्याचा मुलामा असतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पुढील यंत्राचा अडथळा हजारो ओमांचा असताना तारेतील दशांश ओमाने काही बिघडत नाही. मात्र भरीव तार वारंवार वाकविल्यास तुटते. जी जोडतार कपाटामागे एकदा बसली ती बसली, तिथे भरीव चालेल; जी रोज गुंडाळून पेटीत ठेवावयाची, तिचे पोट अनेक बारीक तारांचे असावे. चौथा प्रश्न सांध्याचा. तार कितीही चांगली असली तरी पिनेवर गंज चढला किंवा डाग कोरडा बसला तर खरखर येणारच. सांधा तापवून डाख त्यावर वितळू द्यावा, डाख तापवून सांध्यावर टिपका ठेवू नये. आणि पॉलिथिन लवकर वितळते म्हणून हात चपळ असावा. पावसाळ्यानंतर पिना कोरड्या कापडाने पुसाव्या. आमच्या मते घरातील निम्म्या तक्रारी तारेच्या नसतात, सांध्याच्या असतात.

येथे एक शंका सहज येते: तारेवर ७५ ओम किंवा ५० ओम असे छापलेले असते, त्यातली कोणती घ्यावी? हे माप महत्त्वाचे ठरते ते तारेची लांबी लहरीच्या लांबीशी तुलना करण्याजोगी असेल तेव्हा. पॉलिथिनच्या तारेत सर्वांत उंच ऐकू येणाऱ्या स्वराचीदेखील लहर सुमारे दहा किलोमीटर लांब असते. दोन यंत्रांमधील हातभर तार तिच्यापुढे नगण्य होय. म्हणून साध्या संगीतासाठी हा भेद सोडून द्यावा. आवाज आकड्यांच्या रूपाने नेणारी जी नवी यंत्रे आहेत त्यांच्या समाक्ष जोडणीस मात्र ७५ ओमांचीच तार घ्यावी, कारण तेथील कंपने सेकंदास लक्षावधी असतात. तसेच सभेच्या मायक्रोफोनची वाट तीस-चाळीस मीटर असते. तेथे समाक्ष तारेपेक्षा जाळीच्या आत एकमेकींस पिळलेल्या दोन तारांची माइकची वायर अधिक योग्य. दोन्ही तारांवर उपद्रव सारखाच होतो आणि यंत्र त्यांची वजाबाकी करून तो घालविते. प्रत्येक कामास तिची तार. समाक्ष तार ही काही सर्व रोगांवरील मात्रा नव्हे.

आता त्या हजारो रुपयांच्या तारांविषयी. चांदीचा मुलामा, बाणाने दाखविलेली दिशा, रेशमी वेष्टन, अशी त्यांची आभूषणे असतात. संगीताचा संदेश प्रत्येक कंपनात एकदा पुढे आणि एकदा मागे जातो, तेव्हा बाणाची दिशा त्याने कशी पाळावी? जाळी एकाच टोकास जोडलेल्या काही खास तारांत बाणास थोडा अर्थ असतो. साध्या समाक्ष तारेत नसतो. तथापि कोणी म्हणेल, आम्हांस फरक ऐकू येतो. ऐकू येतही असेल. पण कान हे मनाचे मिंधे असतात, आणि किंमत कळली की मन आधीच कौल देते. म्हणून परीक्षा अशी घ्यावी: यंत्रापुढे पडदा लावावा, घरातील दुसऱ्या कोणी ऐकणाऱ्यास न सांगता कधी ही तार कधी ती तार लावावी, आवाजाची पातळी सारखी ठेवावी, आणि ऐकणाऱ्याने दहा-वीस वेळा उत्तर कागदावर लिहावे. मग कागद उघडून मोजावे. नाणे उडवून जेवढी उत्तरे बरोबर येतील तेवढीच आली, तर पैसे कशाचे दिले ते आपले आपणच ठरवावे. ह्या परीक्षेस प्रयोगशाळा लागत नाही. एक चादर आणि प्रामाणिकपणा पुरतो.

व्हाइटहाउस आणि थॉमसन यांचा वाद १८५८ साली संपला असे पुस्तके सांगतात. आम्हांस वाटते की तो दर पिढीत आणि दर बाजारात पुन्हा उभा राहतो. एका बाजूस जोर, डौल आणि किंमत. दुसऱ्या बाजूस मोजमाप आणि कारणमीमांसा. बियाण्याच्या पिशवीवर, औषधाच्या बाटलीवर आणि तारेच्या वेष्टनावर भाषा एकच असते. ज्याच्याजवळ कारण विचारण्याची सवय आहे त्यास ती भाषा फसवू शकत नाही, मग तो मुंबईत राहो की दिग्रसमध्ये. पूर्वी कापसाचा भाव ज्यांस कळत होता ते आणि ज्यांस कळत नव्हता ते, असे दोन वर्ग तारेने पाडले होते. आज ती भिंत ज्ञानानेच ओलांडता येते आणि त्यासाठी मोठ्या शहराच्या दुकानात जावे लागत नाही. तांब्याच्या दाट जाळीची दोन मीटर तार, चार पिना, थोडा डाख आणि एक रिकामी दुपार एवढ्यावर आपल्या गावातील कोणीही मुलगा किंवा मुलगी अशी जोडतार करू शकेल की तिच्यात आणि हजारोंच्या तारेत पडद्याआडून फरक सांगणे अवघड व्हावे. हेविसाइडांजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता आणि कानही पुरे नव्हते. होता तो विचार करण्याचा चिवटपणा. तो ज्या घरात असेल तेथे आवाज स्वच्छ येईल, एवढेच ह्या हातभर तारेच्या इतिहासाचे सांगणे आहे.